दुखतंय, आणि रिपोर्ट क्लिअर आहेत

उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला, काखेच्या जरासं खाली, माझा एक तळहाताएवढा भाग असा आहे की तिथे बोट टेकवलं तर काही म्हणजे काही कळत नाही, आणि जळजळतं पण नेमकं तिथेच. बधिरही आहे आणि दुखतंयही, दोन्ही एकदम. हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा आधी गोंधळतो आणि मग त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागतं की ही बाई जरा जास्तच विचार करते. ब्लाउजच्या बाहीची शिवण तिथेच येते. गाडी चालवताना सीट बेल्टचा पट्टा उजव्या खांद्यावरून बरोबर ब्रेस्ट कॅन्सरच्या सर्जरीच्या व्रणावरून जातो. कणीक मळली की संध्याकाळपर्यंत छातीवर कुणीतरी करकचून पट्टा आवळल्यासारखं वाटत राहतं, आणि ज्या बाजूला आवळल्यासारखं वाटतं त्या बाजूला आवळायला काही शिल्लकच नाहीये, ही त्यातली अजून एक गंमत.

कारण तसं साधं आहे, फक्त मला ते ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं नाही. काखेतल्या गाठी (कॅन्सरच्या नाही, सगळ्यांनाच असतात त्या लिम्फ नोड) काढतात तेव्हा त्या गाठींच्या मधून एक बारीक नस जाते, इंटरकोस्टोब्रॅकियल नाव तिचं, ती काखेच्या आणि दंडाच्या आतल्या कातडीची जाणीव मेंदूला पोचवते. गाठी काढताना ती बऱ्याचदा ताणली जाते नाहीतर कापलीच जाते. मग तिथला स्पर्श कळणं बंद होतं, पण नस काही गप्प बसत नाही, तुटकी वायर ठिणग्या टाकते तशी ती अधूनमधून चुकीचे सिग्नल पाठवत बसते. ज्यांची फक्त सेंटिनेल नोडची तपासणी होते, म्हणजे दोन-चारच गाठी काढतात, त्यांना हा त्रास कमी होतो. माझ्या जवळजवळ सगळ्याच काढल्या. त्यावर रेडिएशन झालं, त्यानं छातीची कातडी आणि खालचे स्नायू आखडले. आणि वर रोज लेट्रोझोल, कॅन्सर परत येऊ नये म्हणून घ्यायची हार्मोनची गोळी, म्हणजे सकाळी उठल्यावर बोटं दुमडत नाहीत आणि गुडघे जिना उतरायला तयार नसतात. तर दुखणं एक नाहीये, तीन-चार वेगवेगळी दुखणी आहेत, वेगवेगळ्या कारणांची, आणि ती सगळी एकाच बाईच्या अंगात आहेत.

फॉलोअपला हे सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘रिपोर्ट अगदी क्लिअर आहेत, दुखण्याकडे फार लक्ष देऊ नका.’ झालं. रांगेत बाहेर पन्नास बाया बसलेल्या, डॉक्टरांना तरी किती वेळ असणार, मला कळतं ते. पण क्लिअर रिपोर्ट हातात घेऊन रिक्षात बसताना दंड जळत असतोच ना.

नंतर मीच वाचायला लागले. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांचा एक मोठा सर्व्हे झाला होता, २००९ साली छापून आला, ३२५३ बायकांनी उत्तरं दिली आणि त्यातल्या ४७ टक्के बायकांना ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनीही दुखत होतं. सत्तेचाळीस! म्हणजे जवळपास निम्म्या. तरुण वयात ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या, रेडिएशन घेतलेलं, अशांना जास्त. आणि मला सगळ्यात लागलेला आकडा हा, की ज्यांना दुखत होतं त्यातल्या फक्त २० टक्के बायका मागच्या तीन महिन्यांत त्यासाठी डॉक्टरकडे गेल्या होत्या. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे डॉक्टरला फी द्यावी लागत नाही! मग आपल्याकडे ‘जीव वाचला ना, मग आता काय कुरकुर करायची’ म्हणणाऱ्या किती असतील. मी पण हेच म्हणत होते स्वतःला, आई पण हेच म्हणायची, वेगळ्या शब्दात.

आता खरी गोष्ट. दुखणं सहन होतं हो, बायकांना दुखण्याची सवय असते, पाळीपासून सुरू होतं ते. पण या दुखण्याला एक प्रश्न चिकटलेला असतो, कॅन्सर परत तर आला नाही ना. नवऱ्याची कंबर दुखते तेव्हा ती कंबर दुखते, तो बाम लावतो, मोबाइल बघत पडून राहतो. माझी बरगडी दुखली की ती नुसती बरगडी दुखत नाही. बरगडी म्हणजे हाड, हाड म्हणजे बोन स्कॅन, बोन स्कॅन म्हणजे परत त्याच कॉरिडॉरमधल्या त्याच खुर्च्या, आणि मग लेकीची बारावी आणि मग तिच्या लग्नात मी असेन का, इथपर्यंत जायला मला अर्धं मिनिट पण लागत नाही. रात्री तीनला तर त्याहून कमी. आणि तोपर्यंत खांदा कानापर्यंत वर गेलेला असतो, दात आवळलेले, श्वास वरच्या वर, मग जे दोन आण्याचं दुखत होतं ते रुपयाचं होतं. दुखण्याची गोळी या प्रश्नावर चालत नाही. नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन घेतलं मी, जळजळ जरा कमी झाली, पण दिवसभर गुंगी, दूध उतू जायचं आणि मला वास आल्यावर कळायचं. आणि गुंगीत पण प्रश्न तसाच जागा.

पेन क्लिनिकच्या काउन्सेलर ताईंनी माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ता जे जाणवतंय ते बदलायला न जाता नुसतं बघायच्या सरावाचं, नाव काढलं तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या, आता हे पण ‘मन शांत ठेवा’वाले निघाले. गेली काही वर्षं ‘मन शांत ठेव’ हे मला भाजीवाल्यापासून चुलत सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. काहींनी तर ‘टेन्शन घेतलंस म्हणूनच कॅन्सर झाला’ हे पण तोंडावर सांगितलंय. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा होता की तुम्ही म्हणताय का, हे दुखणं माझ्या मनात आहे? ताई म्हणाल्या, ‘नाही हो, दुखणं तुमच्या नसेत आहे. त्याच्यावर जे चढतंय, त्याच्याबद्दल आपण बोलतोय.’ एवढं उत्तर मला पुरेसं होतं, निदान जाऊन बघण्यापुरतं.

याची सुरुवात मुळात दुखण्यापासूनच झालीये हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं हे कॉर्पोरेटवाल्यांचं काहीतरी आहे, ॲपवर पाण्याचे आवाज वगैरे. तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये जॉन कबाट-झिन नावाच्या माणसानं १९७९ साली हा कोर्स सुरू केला, आता तो आठ आठवड्यांचा असतो, आणि त्याच्याकडे पाठवले जायचे ते पेशंट म्हणजे ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत असे, जुनाट दुखण्यांचे बरेच. १९८२ मध्ये त्यानं पहिला पेपर छापला तो पण अशाच ५१ जणांवरचा. नंतर इंग्लंड आणि कॅनडातल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी त्यात कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचारांच्या सवयींवर काम करणारी थेरपी, मिसळली, ती डिप्रेशनसाठी. ज्यांना डिप्रेशन येऊन गेलंय आणि परत येतं, अशांसाठी. त्यांचं म्हणणं असं की अशा माणसाला एखाद्या दिवशी जरा उदास वाटलं, जे कुणालाही वाटतं, तरी त्याचं मन लगेच ‘आलं परत’ म्हणून सगळी जुनी फाइल उघडतं आणि त्या फाइलमुळेच तो खाली खाली जातो. हे वाचताना मी मान हलवत होते. आमचं दुसरं काय होतं? छातीत जरा टोचलं की फाइल उघडलीच.

आमचा ग्रुप झूमवर होता. नाशिकच्या आम्ही दोघी-तिघी, बाकी कोल्हापूर, संभाजीनगर, एक अकोल्याची. पहिल्याच दिवशी बेदाणा. जगभर कुठेही हा कोर्स केला तरी पहिला बेदाणाच असतो म्हणे. एक बेदाणा तळहातावर घ्यायचा, बघायचा, त्याच्या सुरकुत्या बघायच्या, उजेडात धरायचा, कानाशी नेऊन दाबायचा, वास घ्यायचा, ओठाला लावायचा, आणि मग कुठे खायचा, तो पण हळूहळू. आता नाशिकच्या माणसाला बेदाणा असा बघायला सांगणं म्हणजे! माहेरी आमच्या बागेची द्राक्षं, बेदाणे आम्ही मूठ भरून तोंडात कोंबणारे लोक. आई शेजारी बसून हे बघत होती, तिला हसू आवरेना, ‘एवढ्या वेळात मी मनुके निवडून ठेवले असते’ म्हणाली. पण एक झालं. तो बेदाणा चावला तेव्हा आधी आंबट लागला आणि मग गोड, आणि एका कडेला देठाचा बारीकसा तुकडा होता तो दाताला लागला, आणि तेवढा वेळ माझा दंड कुठे होता मला माहीत नाही. लक्ष असं एका जागी लावता येतं, एवढंच त्या दिवशी शिकवायचं होतं बहुतेक.

खरं काम बॉडी स्कॅनचं. आडवं पडायचं आणि लक्ष अंगातून फिरवायचं, डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू करून वर डोक्यापर्यंत, जिथे जे जाणवतंय ते नुसतं बघायचं, बदलायचं काही नाही. ज्यानं हे बसवलं त्यानं आमच्यासारख्यांचा विचार केलेला दिसत नाही. डाव्या अंगठ्यापासून सुरू करा म्हणे! केमोत पॅक्लिटॅक्सेल घेतलेल्या बाईला विचारा तिच्या पायाच्या बोटांत काय जाणवतं, मुंग्या आणि कापूस. तरी ते ठीक. पण ‘आता लक्ष छातीकडे आणा, उजवी बाजू, डावी बाजू’ असं त्या रेकॉर्डिंगमधल्या गोड आवाजात आलं आणि मी ताडकन उठून बसले. आंघोळीला पण मी तिकडे बघत नव्हते तेव्हा. अकोल्याची बाई तर रडायलाच लागली. ताईंनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि सांगितलं की तिथे थांबायलाच पाहिजे असं काही नाही, जमत नसेल तर पायांकडे परत जा, डोळे उघडा, पंख्याकडे बघा, ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी कडेपर्यंत जा आणि परत या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि म्हणूनच हे नुसतं यूट्यूबवर लावून करण्यापेक्षा कॅन्सरच्या पेशंटबरोबर काम केलेल्या माणसाकडून शिकावं असं माझं मत आहे. आम्ही कडेपर्यंत जात राहिलो. कडेला काय असतं तर व्रण ओढला जातो, उजव्या बाजूनं वरून खाली, आणि व्रणाच्या खालच्या टोकाला एक ठिपक्याएवढी जागा गरम आहे. एवढंच आहे तिथे. मी इतके दिवस त्या सगळ्या भागाला ‘तिकडे’ म्हणत होते.

आणि मग दुखण्याचे तुकडे पडायला लागले. जळजळ वेगळी, ओढ वेगळी, टोचणं वेगळं. टोचतं ते येऊन जातं, चार श्वासात जातं बऱ्याचदा. जळजळ सतत आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं, पण नीट बघितलं तर ती वरखाली होते, मधेच नसते पण. ओढ मात्र आहे ती आहे, तिला फिजिओच पाहिजे. आणि या सगळ्याच्या शेजारी, पण वेगळा, तो विचार. रात्री बरगडी दुखून जाग आली की आधी डोक्यात ‘परत आलंय’ असायचं. आता ‘परत आलंय असा विचार आलाय’ असतं. वाचायला काय, दोन-तीन शब्दांचा फरक वाटेल, पण रात्री तीनला त्या फरकात एक माणूस बसू शकेल एवढी जागा असते. विचार जात नाही लगेच, तो बसतो तिथेच. पण मी बारावी आणि लग्नापर्यंत जात नाही, खांदा कानाला लागलाय हे लक्षात येतं, तो खाली सोडते, आणि मग उरलेलं दुखणं जेवढं आहे तेवढंच दुखतं.

आई म्हणाली हे सगळं हरिपाठात आहे, पांडुरंगाचं नाव घे, तेच ते. मी वाद घातला नाही, पण तेच ते नाहीये. नाम घेताना लक्ष दुखण्यावरून उचलून विठ्ठलाकडे नेतो आपण, आणि त्यानं बरं वाटतंच, केमोच्या खुर्चीत मी तेच करत होते. इथे उलट आहे, लक्ष दुखण्याकडेच न्यायचं. दोन्हीचे दिवस वेगळे असतात. काही दिवशी दुखण्याकडे बघायची ताकदच नसते, त्या दिवशी मी पण सरळ विठ्ठल विठ्ठल करते.

नाशिकच्या लोकांना तर वाटेल की मग इगतपुरी काय लांब आहे, विपश्यनेलाच जावं. बॉडी स्कॅन केलेल्याला विपश्यना ओळखीची वाटेल हे खरं. आणि ती शिकवणाऱ्या गोएंकाजींची गोष्ट मला फार आवडते. त्यांना भयंकर मायग्रेन होतं, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागायची, १९५५ मध्ये रंगूनला ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले तर सयाजींनी आधी नकारच दिला, की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, हे त्यासाठी नाही. डोकं थांबवायला आलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे कमाल आहे, पण आता मला त्याचा अर्थ लागतो. आज दुखणं गेलं का, आज गेलं का, असं दर पाच मिनिटांनी तपासत बसलं तर तुम्ही दुखणंच मोजत बसलेले असता. तरी ट्रीटमेंट नुकतीच संपलेल्या बाईनं एकदम दहा दिवस मौनात जाऊन बसावं असं मी म्हणणार नाही. मांडी घालून तासन् तास बसायचं आणि बोलायला कुणी नाही, आमच्या त्या ‘फाइल’सकट. आधी डॉक्टरला विचारा, आणि केंद्राला फॉर्ममध्ये सगळं खरं सांगा.

माइंडफुलनेसला पुरावा काय, असं माझ्या इंजिनियर दिराने विचारलंच. आहे. परत डेन्मार्कच, आरहूसला. १२९ बायका, सगळ्यांची ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपलेली आणि दुखणं राहिलेलं, त्यातल्या निम्म्यांना माइंडफुलनेसमध्ये कॉग्निटिव्ह थेरपी मिसळलेली ती आठ आठवड्यांची थेरपी आणि बाकीच्या वेटिंग लिस्टवर. २०१६ मध्ये निकाल आला. थेरपीवाल्यांची दुखण्याची तीव्रता कमी झाली, रोजचं जगणं जरा सुधारलं, आणि दुकानातून आपल्या आपण आणून घेतात त्या पेनकिलर कमी झाल्या. सहा महिन्यांपर्यंत बघितलं त्यांनी. मोजलेल्या सगळ्याच गोष्टींत फरक पडला असं नाही. आणि माझी एक शंका आहे, की वेटिंग लिस्टवाल्या बिचाऱ्यांना काहीच मिळालं नाही, तर मग फरक माइंडफुलनेसचा किती आणि दर आठवड्याला आपल्यासारख्याच बायकांत बसून ‘मला पण तिथेच जळतं’ हे ऐकायला मिळाल्याचा किती? आमच्या ग्रुपमध्ये अकोल्याच्या बाईनं ‘बधिर पण आहे आणि दुखतं पण’ असं म्हटलं तेव्हा मला जे वाटलं त्याला कुठल्या गोळीची तोड नाही. असो. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनं २०२३ मध्ये कॅन्सर पेशंटची चिंता आणि नैराश्य यासाठी माइंडफुलनेसची शिफारस केलीये, ती पण दिराला पाठवली. त्याचा अंगठा आला.

आता हे वाचून कुणी दुखणं अंगावर काढायला लागलं तर मला ते चालणार नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. नवीन जागी दुखायला लागलं, वाढत चाललंय, दोन आठवडे झाले तरी जात नाही, व्रणाजवळ गाठ किंवा पुरळ, विनाकारण धाप, हे सगळं आधी डॉक्टरला दाखवायचं आणि मग श्वास बघत बसायचं. हात सुजला, लाल झाला, गरम लागतोय, ताप आलाय, तर त्याच दिवशी जायचं, सकाळची वाट बघायची नाही. सांधे दुखतात म्हणून लेट्रोझोल गुपचूप बंद करणाऱ्या बायका मला माहितीयेत, ते तर अजिबात नको, गोळी बदलून मिळते, त्यावर औषधं आहेत, चालण्यानं पण फरक पडतो. टॅमॉक्सिफेनवर (ही पण ब्रेस्ट कॅन्सरची हार्मोनची गोळी) असाल आणि कुणी दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन लिहून दिलं तर ऑन्कोलॉजिस्टला सांगितल्याशिवाय सुरू करू नका. आणि भिंतीवर बोटं चढवायचा फिजिओचा व्यायाम रोज, दुखणं नीट बघता येतं म्हणून खांदा सुटत नाही.

वेळेचं काय, हा सगळ्यात खरा प्रश्न. कोर्समध्ये होमवर्क असतो, रोज पाऊण तास. पाऊण तास! ज्या घरात बाई आडवी पडली की दोन मिनिटांत ‘आई, माझे मोजे’ सुरू होतं तिथे पाऊण तास कुठून आणायचा. आरहूसच्या बायकांचं मला माहीत नाही, अकोल्याची बाई बाथरूममध्ये स्टूल ठेवून करायची, बादलीत नळ सोडून, म्हणजे कुणी हाक मारत नाही. मी पूर्ण बॉडी स्कॅन आता आठवड्यातून एकदोनदाच करते. रोजचं म्हणजे तीन मिनिटांचं, आता काय चाललंय ते बघायचं, मग श्वास, मग सगळं अंग, एवढंच. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे होतं. हॉस्पिटलमध्ये नंबर यायच्या आधी होतं, आणि तिथेच जास्त लागतं.

एक अडचण अजून आहे, मराठीत ऐकण्यासारखं फार कमी आहे. इंग्रजी ऐकताना अर्धं लक्ष इंग्रजीकडे जातं, आणि काही मराठी रेकॉर्डिंगमध्ये भाषा अशी की ‘आपल्या वक्षस्थळाकडे ध्यान केंद्रित करा’, अहो काय हे. शेवटी मीच फोनवर एक केलं, घरच्या भाषेत, छातीजवळ आल्यावर ‘नको वाटलं तर सरळ पोटाकडे जा’ असं मधे टाकून, पायाच्या बोटांऐवजी पोटऱ्यांपासून सुरू करून. मागे दूधवाल्याची बेल पण ऐकू येते. ते ग्रुपवर टाकलं तर कोल्हापूरची म्हणाली, आवाज छान आहे पण सगळं उजव्या बाजूचं आहे, माझी डावी गेलीये. तर आता दोन्ही बाजूंचं चालेल असं नवीन करायचंय, रविवारी लेक क्लासला गेली की बसणार आहे. कुणाला हवं असेल तर खाली सांगा, पाठवते.